नाव आइसलेक, आकडा ॲटमचा: क्यूएमूच्या प्रोसेसर-मॉडेलांची तपासणी

एका संगणकात दुसरा संगणक उभा करणाऱ्या क्यूएमू या एम्युलेटरला ‘-सीपीयू हेल्प’ असं विचारलं की तो पडदाभर प्रोसेसरांची नावं ओततो. सुरुवातीच्या ४८६पासून सॅफायररॅपिड्स आणि एपिक-जेनोआपर्यंत सगळं घराणं हजर. यादी बघून वाटतं, नाव निवडलं की गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या प्रणालीला, तोच प्रोसेसर दिसणार. फीचर-फ्लॅगांच्या, म्हणजे प्रोसेसरला काय काय येतं ते सांगणाऱ्या बिटांच्या, बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. ओळखीच्या आकड्यांबाबत, म्हणजे फॅमिली (घराणं), मॉडेल आणि स्टेपिंग (त्या चिपची सुधारित आवृत्ती) यांबाबत, मात्र यादीतली प्रत्येक नोंद पारखून घ्यावी लागते. एम्युलेटर म्हणून क्यूएमूचा वेग, डिस्क, नेटवर्क हे इथे विषयच नाहीत. हे परीक्षण फक्त एक्स८६च्या, म्हणजे इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरांच्या, या ओळखपत्रांचं, आणि जाता जाता थोडं आर्मचं.

आधी ओळखपत्र कुठे असतं ते पाहू. प्रोसेसरला त्याची ओळख विचारणाऱ्या सीपीयूआयडी सूचनेच्या लीफ १ मध्ये (लीफ म्हणजे उत्तराचं क्रमांकित पान) ईएएक्स रजिस्टरात एक आकडा येतो. त्यातले सर्वांत खालचे चार बिट म्हणजे स्टेपिंग, पुढचे चार मॉडेल, त्यापुढचे चार फॅमिली, मग दोन बिट प्रकाराचे. १६ ते १९ या बिटांत वाढीव मॉडेल आणि २० ते २७ मध्ये वाढीव फॅमिली. पहिल्या पिढीच्या झिऑन स्केलेबलचं, म्हणजे सर्व्हरवरच्या स्कायलेकचं, उदाहरण घ्या. ईएएक्समध्ये हेक्स, म्हणजे सोळा-आधारी, ५०६५४ येतं. उजवीकडून वाचा: स्टेपिंग ४, मॉडेल ५, फॅमिली ६, प्रकार ०, वाढीव मॉडेल ५. खरं मॉडेल म्हणजे ५ गुणिले १६ अधिक ५, अर्थात ८५.

एएमडीचं गणित जरा वेगळं. एपिक-रोमचा आकडा हेक्स ८३०एफ१०. इथे मूळ फॅमिली १५, तिच्यात वाढीव ८ मिळवले की २३. मॉडेल ३ गुणिले १६ अधिक १, म्हणजे ४९. स्टेपिंग शून्य. क्यूएमूच्या यादीत एपिक-रोमसमोर २३, ४९, ० हेच तीन आकडे आहेत. नोंद चोख.

नवख्या कोडमध्ये घोळ नेमका या दोन उदाहरणांच्या सांध्यावर होतो. वाढीव फॅमिली मिळवायची ती मूळ फॅमिली १५ असेल तरच. वाढीव मॉडेल मात्र इंटेलमध्ये फॅमिली ६ असतानाही धरायचं असतं. एएमडीच्या पुस्तिकेत वाढीव मॉडेलही फॅमिली १५पुरतंच आहे. ती एकच पुस्तिका वाचून लिहिलेलं कोड इंटेलच्या ५०६५४मधून वाढीव मॉडेल गाळतं आणि हाती उरतं फॅमिली ६, मॉडेल ५. तो तर पेंटियम टू! क्यूएमूच्या यादीत ‘पेंटियम२’ या नावापुढे ६, ५, २ असंच लिहिलेलं आहे. लाखभराचा झिऑन कोडच्या एका अटीमुळे १९९८च्या पंगतीला जाऊन बसतो.

दुसरी चूक त्याहून साधी, म्हणून जास्त घडणारी. लिनक्सच्या ‘सीपीयूइन्फो’मध्ये मॉडेल दशमानात छापलं जातं: ८५. त्याच यंत्राचा बूट-संदेश तोच आकडा हेक्समध्ये दाखवतो: ५५. लिनक्स कर्नलच्या मॉडेल-यादीत हेक्स, क्यूएमूच्या यादीत दशमान. बूट-संदेशातले ५५ उचलून क्यूएमूच्या नोंदीत तसेच लिहिले, तर दशमान ५५ म्हणजे हेक्स ३७, आणि तो निघतो बे-ट्रेल ॲटम. अक्षर असलेला हेक्स आकडा असता तर कंपायलरने तरी हटकलं असतं. नुसते अंक असले की चूक गुपचूप निसटते.

आकडे रजिस्टरात भरण्याचं काम क्यूएमू स्वतः नीट करतो. फॅमिली १५च्या वर गेली की मूळ जागी १५ ठेवून उरलेला भाग वाढीव जागेत टाकायचा, आणि मॉडेलचे दोन तुकडे करून आपापल्या जागी बसवायचे, हे त्याच्या सेटर फंक्शनांत बरोबर आहे. नोंदीत सरळ २३ आणि ४९ लिहावं, बाकी तो बघतो. हीच सोय नसलेल्या छोट्या एम्युलेटरांत २३ला आठ बिट डावीकडे सरकवून मोकळं होण्याची सवय दिसते. तसं केलं की हेक्स १७०० तयार होतं. गेस्ट ते वाचतो: फॅमिली ७, प्रकार ‘ओव्हरड्राइव्ह’. जगात असा प्रोसेसर नाही, पण गेस्टची तक्रारही नसते. तो मुकाट्याने अनोळखी प्रोसेसरासाठी ठेवलेल्या वाटेने जातो.

आता यादीतली सर्वांत बोलकी नोंद. ‘आइसलेक-सर्व्हर’ या मॉडेलात मुळात फॅमिली ६, मॉडेल १३४, स्टेपिंग ० असं लिहिलं गेलं. आइसलेक झिऑनचा खरा आकडा १०६. आणि १३४ हा आकडा आहे ट्रेमाँट जातीच्या ॲटमचा. क्यूएमूच्याच यादीत खाली ‘स्नोरिज’ आहे, त्याच्यापुढेही १३४च! एकाच यादीत दोन वेगळ्या जातींना एकच आकडा.

याचा परिणाम गेस्टच्या आत दिसतो. लिनक्स कर्नल प्रोसेसरातल्या त्रुटींचा तक्ता मॉडेलवरून वाचतो. आइसलेक झिऑनला डाउनफॉल ही २०२३ साली जाहीर झालेली त्रुटी लागू आहे. मॉडेल १३४ दिसलं की नवा गेस्ट कर्नल तिच्यापुढे ‘बाधित नाही’ असं लिहितो. उलट २०२४ साली जाहीर झालेली, फक्त ॲटम घराण्याला लागणारी रजिस्टर-फाइलची त्रुटी तो या झिऑनच्या माथी मारतो. गेस्टमधल्या त्रुटी-अहवालावर सुरक्षा-तपासणी चालवणाऱ्यांना यातून दोन्ही बाजूंनी खोटा निकाल मिळतो. गेस्टला पीएमयू (कामगिरी मोजणारं एकक) दिलेलं असेल तर ‘पर्फ’ या मोजमाप-साधनाचंही तेच. घटनांचा तक्ता तो मॉडेलवरूनच निवडतो, म्हणजे मोजमाप झिऑनचं आणि फूटपट्टी ॲटमची.

क्यूएमूने ही चूक दुरुस्त केली आहे, पण कशी केली ते समजून घेतल्याशिवाय उपयोग नाही. २०१९च्या ४.१ आवृत्तीपासून प्रत्येक मॉडेलाच्या मागे व्ही१, व्ही२ अशा पायऱ्या लावता येतात. जुनी पायरी कधी बदलायची नाही, सुधारणा नव्या पायरीत टाकायची, हा त्यातला नेम. चालू असलेलं व्हर्च्युअल यंत्र एका होस्टवरून, म्हणजे खऱ्या यंत्रावरून, दुसऱ्यावर हलवताना प्रोसेसर पायाखालून बदलू नये, म्हणून तो नेम हवाच. ‘आइसलेक-सर्व्हर’चा १०६ आला तो व्ही४मध्ये. नुसतं ‘आइसलेक-सर्व्हर’ लिहिलं, तर कुठली पायरी घ्यायची हे यंत्राचा प्रकार ठरवतो, आणि नेहमीच्या पीसी आणि क्यू३५ प्रकारांत ती व्ही१ असते. म्हणजे दुरुस्ती होऊनही, शेपूट न लावता नाव लिहिणाऱ्याला आजही १३४च मिळतो. नावाशेवटी ‘-व्ही४’ किंवा त्यापुढची पायरी लिहिणं हाच उपाय. रचना म्हणून ही पायऱ्यांची पद्धत उत्तम आहे. पण बिनशेपटीच्या नावाने सर्वांत जुनी नोंद हाती पडते, हे नव्या माणसाला आपणहून कळण्यासारखं नाही. हेल्पमध्ये अशा नावापुढे ‘यंत्र-प्रकारानुसार ठरणारं टोपणनाव’ एवढीच त्रोटक सूचना दिसते.

८५ या आकड्याची गंमत निराळी. स्कायलेक-सर्व्हर, कॅस्केडलेक-सर्व्हर आणि कूपरलेक या तिन्ही पिढ्यांचा फॅमिली-मॉडेल एकच: ६ आणि ८५. फरक फक्त स्टेपिंगचा. क्यूएमूमध्ये अनुक्रमे ४, ६ आणि १०. इंटेलच्या मायक्रोकोड फाइलींची नावंसुद्धा या तीन आकड्यांचीच असतात, हेक्समध्ये: ०६-५५-०४ स्कायलेकची, ०६-५५-०७ कॅस्केडलेकची. स्टेपिंग म्हणजे किरकोळ दुरुस्ती असं समजून कोडात ते दुर्लक्षिणाऱ्यांची इथे फसगत होते. ‘मॉडेल ८५ म्हणजे स्कायलेक’ अशी अट लिहिली की कॅस्केडलेकचे व्हीएनएनआय (न्यूरल-नेटवर्कच्या सूचनांचे) फ्लॅग कुठून आले, याचं कोडं पडतं.

लिनक्सने २०२५च्या मे महिन्यात आयटीएस या त्रुटीसाठी लिहिलेली तपासणी इथे बघण्यासारखी आहे. मॉडेल ८५मध्ये स्टेपिंग ५पर्यंत त्रुटी नाही, त्यापुढे आहे, अशी रेघ तक्त्यात ओढलेली आहे. पण तक्त्याकडे जाण्याआधीच कर्नल बघतो की आपण हायपरवायझरखाली, म्हणजे व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या थराखाली, चाललो आहोत का. असलो, आणि त्रुटी नसल्याचा बिट वरून मिळाला नसला, तर सरळ बाधित धरून चालतो. खालचं लोखंड वेगळं असू शकतं किंवा उद्या बदलू शकतं, हे त्याचं कारण. एम्युलेटरने दाखवलेल्या आकड्यांवर गेस्ट कर्नलच विसंबायला तयार नाही!

केव्हीएम, म्हणजे लिनक्समधली हार्डवेअर-व्हर्च्युअलायझेशनची सोय, चालू असताना आणखी एक विचित्र मिश्रण तयार होतं. विक्रेत्याचं नाव क्यूएमू होस्टवरून उचलतो, फॅमिली-मॉडेल मात्र निवडलेल्या नोंदीतून. कारण योग्य आहे: ३२ बिटी सुसंगत अवस्थेत इंटेलवर ‘सिसकॉल’ ही कर्नलला हाक मारणारी सूचना चालत नाही आणि एएमडीवर ‘सिसएंटर’ ही तशीच दुसरी. विक्रेता खोटा सांगितला तर गेस्ट चुकीची सूचना वापरेल. पण परिणाम असा की कसलाच पर्याय न दिल्यास मिळणारा ‘क्यूएमू६४’ हा मूळचा एएमडीचा, फॅमिली १५, मॉडेल १०७, म्हणजे अॅथलॉन ६४ एक्स२ ब्रिस्बेनचा आकडा. इंटेल होस्टवर केव्हीएमखाली तो ‘जेन्युइनइंटेल’, १५, १०७ असा प्रकट होतो. इंटेलने असा प्रोसेसर कधी काढला नाही. विक्रेता, फॅमिली आणि मॉडेल तिन्ही एकत्र तपासणारं काटेकोर कोड इथे अडखळतं, आणि चूक त्या कोडची नसते. ‘व्हेंडर’ हा पर्याय देऊन नाव बदलता येतं, पण वरचं सिसकॉलचं कारण विसरून बदलू नये.

विक्रेत्याच्या नावाचा विषय निघालाच आहे तर: लीफ शून्यमध्ये बारा अक्षरं ईबीएक्स, ईडीएक्स, ईसीएक्स या क्रमाने येतात. वर्णक्रमाने बी, सी, डी असं जोडलं की ‘जेन्यु-एनटेल-इनेआय’ असलं काहीतरी वाचावं लागतं. चूक जुनीच आहे, अजून नव्या प्रकल्पांत भेटते.

‘क्यूएमू६४’वर दुसरा आक्षेप व्यवहारातला. त्यात एसएसएसई३, एसएसई४.१ वगैरे फ्लॅग नसल्यामुळे तो एक्स८६-६४-व्ही२ या सूचनासंचाच्या पातळीला पोचत नाही (हा व्ही२ वरच्या पायऱ्यांमधला नव्हे). रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ला ती पातळी किमान लागते, १०ला तर व्ही३. गेस्ट सुरू होताना ‘फेटल जीलिबसी एरर’ दिसली तर डिस्क-इमेज तपासत बसू नका, प्रोसेसरचं नाव बदला. व्ही२साठी इंटेलचं नेहालेम किंवा एएमडीचं ऑप्टेरॉन_जी४, व्ही३साठी हॅसवेल किंवा एपिक, आणि व्ही४साठी स्कायलेक-सर्व्हर किंवा एपिक-जेनोआ. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन-प्रणालीने ८व्या आवृत्तीपासून वेब-पडद्यावरचा आपला पूर्वनिर्धारित प्रकार ‘केव्हीएम६४’वरून ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’वर नेला, तो याच दिशेने.

नामपट्टीवर, म्हणजे अठ्ठेचाळीस बाइटांच्या मॉडेल-नावावर, तर अजिबात निर्णय घेऊ नये. ‘क्यूएमू व्हर्च्युअल सीपीयू व्हर्जन २.५+’ हे नाव २.५ या आकड्यावर मुद्दाम गोठवलेलं आहे. एम्युलेटर अद्ययावत केला की गेस्टला प्रोसेसर बदललेला दिसू नये म्हणून. त्यावरून क्यूएमूची आवृत्ती काढू पाहणारं कोड कायम चुकणार. ‘सँडीब्रिज’ची पट्टी ‘झिऑन ई३१२एक्सएक्स’ म्हणते आणि मॉडेल ४२ दाखवते. ई५ मालिकेचा सँडीब्रिज झिऑन ४५ असतो, तो यादीत नाहीच. शिवाय ‘मॉडेल-आयडी’ पर्यायाने ही पट्टी कुणालाही हवी तशी रंगवता येते.

शुद्ध एम्युलेशनमध्ये, म्हणजे सूचनांचं सॉफ्टवेअरने भाषांतर करणाऱ्या टीसीजीवर, नाव आणि गुण यांची आणखी फारकत होते. टीसीजीला एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) येतं ते २०२२च्या ७.२ आवृत्तीपासून. एव्हीएक्स-५१२ येत नाही. तिथे ‘स्कायलेक-सर्व्हर’ मागितला तर आकडे ६, ८५, ४ मिळतात, एव्हीएक्स-५१२ गाळलं जातं आणि टर्मिनलवर इशाऱ्यांची रांग लागते. मॉडेल ८५ दिसलं म्हणजे एव्हीएक्स-५१२ असणारच, असं धरलेला गेस्ट प्रोग्राम बेकायदा सूचनेवर कोसळतो. मॉडेलच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘एन्फोर्स’ लिहा. मग कमतरता असली तर क्यूएमू सुरूच होत नाही. चाचणी-यंत्रणेत हा शब्द हवाच हवा. इशारे लॉगमध्ये वाचतो कोण?

तुलनेसाठी बॉक्स हा एम्युलेटर बघा. उच्चार खोक्यासारखाच, पण काम नेटकं. तो ‘सँडीब्रिज वर्ग’ असली मोघम नोंद ठेवत नाही. त्याची नोंद एका ठरावीक चिपची असते, उदाहरणार्थ कोअर आय७-२६००के, आणि त्या चिपचा सीपीयूआयडी लीफनिहाय वेगळ्या फाइलीत लिहिलेला असतो. त्यामुळे त्याचा सँडीब्रिज ६, ४२, ७ दाखवतो, जे बाजारातल्या चिपवर दिसतं. क्यूएमू त्याच जागी ६, ४२, १ देतो. सीपीयूआयडी वाचणारं कोड तपासायचं असेल तर बॉक्स जास्त भरवशाचा. मात्र तो सूचना एकेक करून उलगडत चालवतो, त्यामुळे रोजच्या कामाला संथ. सर्व्हरवर शंभर गेस्ट चालवणाऱ्याला तो उपयोगाचा नाही, ओळख-कोड लिहिणाऱ्याने मात्र शेजारी ठेवावा.

आर्मच्या बाजूला क्यूएमूची शिस्त अधिक चांगली आहे. तिथे एमआयडीआर रजिस्टर असतं: वरच्या आठ बिटांत बनवणारा, मग व्हेरियंट, आर्किटेक्चर, बारा बिटांचा भाग-क्रमांक, शेवटी रिव्हिजन. कॉर्टेक्स-ए५३साठी हेक्स ४१०एफडी०३४, म्हणजे आर्मचा ४१, भाग-क्रमांक डी०३, आवृत्ती आर०पी४. आणि ‘मॅक्स’ हा सगळी फीचरं एकवटलेला, जगात नसलेला प्रोसेसर स्वतःला कुणाचा म्हणवत नाही. बनवणाऱ्याच्या जागी शून्य, जे सॉफ्टवेअरसाठी राखीव आहे, आणि भाग-क्रमांकात ‘क्यू’ या अक्षराचा संकेत. गेस्टने खऱ्या चिपसाठीचे त्रुटी-उपाय इथे लावू नयेत म्हणून हे केल्याचं कोडातल्या टिपणीतच लिहिलेलं आहे. असा प्रामाणिकपणा एक्स८६च्या ‘क्यूएमू६४’ला का नसावा? तिथे जुन्या गेस्टांची ओझी आहेत, हे खरं. एक तक्रार मात्र आर्मबाबतही: ‘व्हर्ट’ बोर्डाचा पूर्वनिर्धारित प्रोसेसर ३२ बिटी कॉर्टेक्स-ए१५ आहे. ६४ बिटी कर्नल देऊन ‘-सीपीयू’ विसरलात तर पडदा नुसता काळा राहतो.

यादीत चूक सापडली किंवा नवं मॉडेल घालायचं झालं तर कच्चा आकडा खऱ्या यंत्रावरून घ्या. ‘सीपीयूआयडी’ हे छोटं साधन ‘-१ -आर’ देऊन चालवलं की एका कोअरचे लीफ जसेच्या तसे मिळतात. लीफ १च्या ईसीएक्समधला ३१वा बिट आधी बघा. तो १ असेल तर तुम्ही व्हर्च्युअल यंत्राच्या आत आहात आणि हाती आलेला आकडा कुणीतरी आधीच रंगवलेला आहे. त्याच रजिस्टरातला २७वा बिट ऑपरेटिंग सिस्टिमच्या अवस्थेनुसार बदलतो, तो नोंदीत उतरवायचा नाही. ईबीएक्सचे वरचे आठ बिट म्हणजे त्या कोअरचा एपिक-क्रमांक (इथला एपिक म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर, एएमडीचा प्रोसेसर नव्हे), तोही नको. मग ईएएक्स कागदावर फोडा, दशमानात आणा, आणि लिनक्स कर्नलच्या मॉडेल-यादीशी हेक्समध्ये ताडून पाहा. त्या यादीत त्याच आकड्यावर भलतंच नाव निघालं तर तिथेच थांबा. १३४ची चूक या एका पायरीवर पकडता आली असती.

नोंद ‘टार्गेट/आय३८६/सीपीयू.सी’ फाइलीतल्या अंगभूत मॉडेलांच्या तक्त्यात जाते: नाव, लेव्हल, विक्रेता, तीन आकडे, मग शब्दागणिक फीचर-बिट, शेवटी नामपट्टी. लेव्हल म्हणजे सर्वांत मोठा लीफ-क्रमांक. जुन्या गेस्टसाठीच्या नोंदीत तो उगाच वाढवू नये. विंडोज एनटी ४साठी मदरबोर्डांच्या बायोसमध्ये हा आकडा दाबून ठेवण्याचा खास पर्याय असायचा, तो याचसाठी. आकडा आधीच्या नोंदीत चुकलेला असेल तर तिथे हात लावायचा नाही. नवी पायरी उघडायची आणि बदललेलं मॉडेल त्या पायरीच्या गुणांत एका ओळीत लिहायचं. पॅच पाठवण्याआधी गेस्ट तीनदा चालवा: नुसत्या नावाने, नव्या पायरीच्या नावाने, आणि ‘एन्फोर्स’ लावून. पहिल्या वेळी जुना आकडाच दिसला पाहिजे. तिथे नवा दिसला तर पायरी उघडण्याऐवजी जुनी नोंदच बदलली गेली आहे.